बॅटरी सारखी उतरते? नवी घेण्याआधी दोष क्रमाने शोधा

सकाळी गाडीची चावी फिरवली की नुसता कट-कट आवाज, मग जंप-स्टार्ट, मग चार्जिंग आणि शेवटी कंटाळून नवी बॅटरी. ती महिना-दीड महिना चालते आणि पुन्हा तोच आवाज येतो. अशा वेळी दोष बहुधा बॅटरीत नव्हताच. नव्या बॅटरीत जोर होता म्हणून काही दिवस तो झाकला गेला. याच्या उलटही होतं. करंटची गळती शोधायला एकेक करून सगळे फ्यूज उपसले जातात आणि खरं तर बॅटरीतला एक सेल (तिच्या सहा कप्प्यांपैकी एक) मेलेला असतो.

संशयित तीनच आहेत. बॅटरी चार्ज धरून ठेवत नाही, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं जनित्र) तिला पुरेसं भरत नाही, किंवा गाडी बंद असताना कुठेतरी करंट वाहतो, म्हणजेच गळती. तपासणीही याच क्रमाने करायची. अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर घेतलेला कुठलाही आकडा फसवतो, त्यामुळे पहिली दोन पावलं गाळून थेट गळतीकडे गेलात तर तीच मेहनत पुन्हा करावी लागेल.

इथली सगळी मापं १२ व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीसाठी आहेत.

## तयारी

- डिजिटल मल्टिमीटर. त्यावर डीसी व्होल्ट, मिलिव्होल्ट आणि १० अँपिअर डीसी या रेंज हव्यात.
- बॅटरी चार्जर. बॅटरीच्या अँपिअर-तासांच्या साधारण दहावा भाग एवढा करंट पुरतो. ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला ४ ते ५ अँपिअर.
- बॅटरीच्या खुंट्यांवर (टर्मिनलवर) वायरी घट्ट धरणाऱ्या क्लँपला बसणारे पाने (बहुधा १० नंबर), तारेचा ब्रश, खाण्याचा सोडा, पाणी.
- दोन्ही टोकांना मगरी चिमटे असलेली जाड वायर आणि मीटरला लावायचे चिमटे.
- स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, गाडीच्या पुस्तिकेतला फ्यूजचा तक्ता.
- वही. आकडे लक्षात राहत नाहीत. वेळेसकट लिहून ठेवा.

घड्याळ, अंगठी, कडं काढून ठेवा. प्लस खुंटी आणि बॉडी यांच्यामध्ये धातूची अंगठी आली तर ती क्षणात लाल होते. डोळ्यांवर चष्मा ठेवा, चार्जिंगच्या वेळी जागा हवेशीर असू द्या आणि जवळ ठिणगी नको, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

सावधान: क्लँप काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. उलट केलंत आणि प्लसवरचा पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट होतो. काही गाड्यांत रेडिओचा कोड मागितला जातो आणि काचांचं सेटिंग पुसलं जातं. त्याची माहिती पुस्तिकेत आधीच पाहून घ्या.

## टप्पा १ : डोळ्यांनी पाहणी

बॅटरीच्या बाजू फुगल्या असतील, कवचाला तडा असेल किंवा कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल तर पुढची तपासणी नको; ती बॅटरी चार्जरलाही लावू नका. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पाणी खुणांच्या मध्ये आहे ना ते पाहा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आत्ता त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला आणि उरलेलं चार्जिंग झाल्यावर. आधीच काठोकाठ भरलंत तर चार्ज होताना अ‍ॅसिड बाहेर येतं.

आता क्लँप हाताने पिळून पाहा. जरासाही फिरला तर तो सैल आहे. पांढरी-हिरवी भुकटी असेल तर दोन्ही क्लँप काढा, सोड्याच्या पाण्याने धुवा आणि खुंटी व क्लँपचा आतला भाग चकचकीत होईपर्यंत घासा. वरून स्वच्छ दिसणाऱ्या क्लँपच्या आतही काळा थर असतो, म्हणून काढून पाहिल्याशिवाय ‘टर्मिनल साफ आहे’ म्हणू नका. मायनसची वायर बॉडीला आणि इंजिनला जिथे बोल्टने बसते (अर्थ) ती जागाही बघा.

बॅटरीचं वरचं झाकण ओलसर, काळपट असेल तर एक छोटी चाचणी करा. मीटर डीसी व्होल्टवर, काळा प्रोब (मीटरच्या वायरीचं टोक) मायनस खुंटीवर, लाल प्रोब झाकणाच्या प्लास्टिकवरून हळूहळू सरकवा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा दिसला तर धूळ आणि अ‍ॅसिडच्या थरातून करंट पाझरतोय. झाकण पुसून कोरडं करा आणि पुन्हा पाहा.

## टप्पा २ : पूर्ण चार्ज, मग विश्रांती

बॅटरी चार्जरने पूर्ण भरा, साधारण १० ते १२ तास. गाडी तासभर फिरवून आणणं म्हणजे पूर्ण चार्ज नव्हे. खोल उतरलेली बॅटरी अल्टरनेटरवर तेवढ्यात भरत नाही. मायनस खुंटीवर छोटा सेन्सर असलेल्या गाडीत चार्जरचा मायनस चिमटा बॉडीवरच्या अर्थ पॉइंटला लावा, खुंटीला नको.

चार्जर काढल्यावर लगेच मापू नका. वरवरचा चार्ज आकडा फुगवतो. मायनस क्लँप काढून बॅटरी ३-४ तास तशीच ठेवा. घाईच असेल तर हेडलाइट २ मिनिटं लावा, बंद करा आणि ५ मिनिटांनी मापा. विश्रांतीनंतरचे आकडे असे वाचायचे:

- १२.६ ते १२.७ व्होल्ट : पूर्ण
- १२.४ : पाऊण
- १२.२ : निम्मी
- १२.० : पाव
- ११.९ च्या खाली : उतरलेली
- १०.५ च्या आसपास : बहुधा एक सेल मेलेला

एजीएम बॅटरीत (हिच्यात द्राव काचतंतूंच्या पॅडमध्ये शोषलेला असतो) पूर्ण चार्जचा आकडा १२.८ किंवा थोडा वर असतो.

तपासा: पूर्ण चार्ज आणि विश्रांतीनंतरही १२.४ च्या वर जात नसेल तर बॅटरी गेलेली आहे. चार्जर नीट चालतो याची खात्री करून एकदाच पुन्हा चार्ज करून पाहा.

## टप्पा ३ : बॅटरीची एकटीची परीक्षा

हा टप्पा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वगळला जाणारा. मायनस क्लँप काढलेलाच राहू द्या. आत्ताचा आकडा लिहा आणि १२ तासांनी पुन्हा मापा. गाडी जोडलेलीच नाही, म्हणजे रात्रीत जे काही उतरेल ते बॅटरीच्या आतल्या दोषामुळे. चांगल्या बॅटरीत फरक ०.०५ व्होल्टच्या आसपास राहतो. ०.१ पेक्षा जास्त पडला तर संशय घ्या, १२.४ च्या खाली आला तर शोध इथेच संपला.

आता ताकद. क्लँप लावा, मीटर बॅटरीच्या खुंट्यांवर धरा, दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. बेताच्या तापमानात, म्हणजे २० अंश सेल्सिअसच्या आसपास, सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जाता कामा नये. चांगल्या बॅटरीत तो १० च्या वरच राहतो. या मापातून आणखी एक गोष्ट कळते. व्होल्टेज ११ च्या आसपास टिकलंय, तरीही सेल्फ रडत-रडत फिरतोय, असं असेल तर बॅटरी निर्दोष आहे. वायर, अर्थ किंवा सेल्फच्या मोटरीत दोष आहे. तसं वाटलं तर एक प्रोब मायनस खुंटीवर आणि दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून पुन्हा सेल्फ मारा. ०.५ व्होल्टच्या वर आकडा आला तर अर्थ वायर खराब आहे.

झाकणं उघडणाऱ्या बॅटरीत हायड्रोमीटर (द्रावाची घनता मोजणारी नळी) वापरता येतो. पूर्ण चार्जला प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत द्रावाची घनता, १.२६५ च्या आसपास किंवा थोडी जास्त हवी. सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात वाईट सेलमध्ये ०.०५० चा फरक असेल तर तो सेल गेला. नुकतंच पाणी घातलं असेल तर हे माप घेऊ नका, ते खोटं येतं.

## टप्पा ४ : अल्टरनेटर भरतोय का?

इंजिन बंद असतानाचा आकडा लिहा. इंजिन सुरू करा. बहुतेक गाड्यांत आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) बॅटरीवर १३.८ ते १४.७ व्होल्ट दिसायला हवेत. मग हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर लावा आणि इंजिन १,५०० ते २,००० आरपीएमवर धरा. आकडा १३.२ च्या खाली घसरत असेल तर अल्टरनेटर कमी पडतोय. सतत १५ च्या वर असेल तर रेग्युलेटर (अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा भाग) बिघडून बॅटरीला उकळतोय. पाणी वारंवार कमी होण्याचं हे एक कारण.

संगणकाच्या ताब्यातला अल्टरनेटर असलेल्या नव्या गाड्यांत बॅटरी भरली की व्होल्टेज मुद्दाम १३ च्या खाली येतं. तिथे एकच आकडा पाहून अल्टरनेटरला दोष देऊ नका. हेडलाइट लावल्यावर आकडा चढतो का, ते पाहा.

थंड इंजिनवर सगळं ठीक आणि २० मिनिटं गाडी चालवल्यावर १३ वर घसरण, हेही होतं. म्हणून हे माप थंड आणि गरम, दोन्ही वेळा घ्या.

आकडा कमी आला म्हणून लगेच अल्टरनेटर काढायला निघू नका. आधी त्याला फिरवणारा पट्टा पाहा: तो चकाकतोय का, सैल आहे का, लोड आला की किंचाळतो का. मग वायरिंग. इंजिन चालू आणि सगळा लोड चालू असताना एक प्रोब अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टवर आणि दुसरा बॅटरीच्या प्लस खुंटीवर ठेवा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक म्हणजे त्या वायरीत किंवा जोडात अडथळा. तसंच अल्टरनेटरची बॉडी आणि मायनस खुंटी यांच्यामध्ये ०.२ च्या आत हवं. प्रोब धरताना हात आणि वायरी पट्ट्यापासून व पंख्यापासून लांब ठेवा.

शेवटी मीटर एसी व्होल्टवर घेऊन बॅटरीवर धरा, इंजिन आणि हेडलाइट चालू. ०.१ च्या आत उत्तम, ०.५ च्या वर गेलं तर अल्टरनेटरचा डायोड (एसीचा डीसी करणारा भाग) गेलाय. काही साधे मीटर एसीवर २५-३० व्होल्ट असा भलताच आकडा दाखवतात; तो मीटरचा दोष, तो धरू नका.

सावधान: ‘इंजिन चालू ठेवून बॅटरीचा क्लँप काढा, गाडी बंद पडली तर अल्टरनेटर खराब’ ही जुनी युक्ती कधीही वापरू नका. बॅटरी निघाली की व्होल्टेज उसळतं आणि गाडीचा संगणक जळू शकतो. मीटर तेच उत्तर काहीही न जाळता देतो.

## टप्पा ५ : बंद गाडीतली गळती मोजणे

बॅटरी चार्ज धरते, अल्टरनेटर भरतो आणि तरी सकाळी गाडी उठत नाही, तर रात्री कुणीतरी करंट पितंय. थोडा करंट प्रत्येक गाडी पिते: घड्याळ, लॉकचा रिसीव्हर, संगणकाची स्मृती. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर चिंता नाही. हिशेब करून पाहा. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास, ४५ अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी व्हायला १८ दिवस लागतील. पण डिक्कीतला ५ वॅटचा एक दिवा पेटलेला राहिला तर साधारण ०.४ अँपिअर, दिवसाला जवळपास १० अँपिअर-तास. दोन-सव्वादोन दिवसांत बॅटरी निम्मी.

मोजण्यात तीन चुका सतत होतात. एक, गाडी झोपण्याआधी, म्हणजे तिचे संगणक शांत होण्याआधी, माप घेणं. दुसरी, क्लँप काढून मीटर लावताना सगळे संगणक जागे होणं. तिसरी, मीटरचा आतला फ्यूज उडालेला असणं आणि ०.०० पाहून ‘गळती नाही’ असा निष्कर्ष काढणं. खालची पद्धत या तिन्ही चुका टाळते.

1. किल्ली काढा. बटण-स्टार्ट गाडी असेल तर रिमोट किमान ५-६ मीटर लांब न्या, नाहीतर गाडी त्याला ओळखून जागी राहते.
2. बॉनेट उघडा. ज्या दारातून काम करायचं ते उघडून त्याचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने ‘बंद’ स्थितीत दाबा, म्हणजे दार उघडं असूनही गाडीला ते बंद वाटेल. बॉनेटला स्विच असेल तर तोही तसाच दाबा. दार लावण्याआधी कुलूप हँडलने मोकळं करायला विसरू नका, नाहीतर ते मोडेल.
3. रिमोटने लॉक करून थांबा. काही गाड्या १० मिनिटांत झोपतात, काहींना ४० मिनिटं ते तास लागतो.
4. मीटरचा लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात, मीटरची फिरती कळ डीसी अँपिअरवर.
5. मगरी चिमट्यांची वायर मायनस खुंटी आणि मायनस क्लँप यांच्यामध्ये लावा. आता क्लँप सोडवून वर उचला. करंट वायरीतून वाहतोय, म्हणून गाडी जागी होत नाही.
6. मीटरचे चिमटे त्याच दोन ठिकाणी लावा: काळा खुंटीला, लाल क्लँपला. दोन्ही घट्ट बसले की वायर काढा. आता जो आकडा दिसतो तो गळतीचा.

तपासा: आकडा ०.०० असेल तर दुसऱ्या कुणाला पार्किंग लाइट लावायला सांगा. आकडा चढला तर मीटर ठीक. न चढता लाइटही लागला नाही तर मीटरचा फ्यूज उडालाय. या तपासणीने गाडी जागी होते, म्हणून नंतर पुन्हा ती झोपेपर्यंत थांबा.

सावधान: मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका. सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो. आणि काम झाल्यावर लाल प्रोब परत व्होल्टच्या भोकात घाला. अँपिअरच्या भोकात ठेवूनच बॅटरीचं व्होल्टेज मापायला गेलात तर तो बॅटरीचा थेट शॉर्ट आहे.

## टप्पा ६ : कोणत्या सर्किटमध्ये?

आकडा जास्त आला की लोक फ्यूज उपसायला सुरुवात करतात. फ्यूज काढला-लावला की त्यावरचा संगणक जागा होतो आणि पुढचा अर्धा तास मापं बिघडतात. त्यापेक्षा फ्यूज जागेवर ठेवूनच मापा. ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे धातूचे ठिपके असतात. क्लँप परत घट्ट बसवा, गाडी झोपू द्या, मीटर मिलिव्होल्टवर घ्या आणि दोन्ही प्रोब त्या ठिपक्यांवर टेकवा. करंट नसेल तर ०.०. करंट असेल तर फ्यूजच्या स्वतःच्या रोधामुळे थोडं व्होल्टेज दिसतं. १० अँपिअरच्या मिनी फ्यूजचा रोध साधारण ७ ते ८ मिलिओहम, म्हणजे वरच्या ०.४ अँपिअरच्या दिव्याला सुमारे ३ मिलिव्होल्ट दिसतील. मोठ्या फ्यूजचा रोध कमी असल्याने तिथे आकडा लहान येतो. डॅशबोर्डखालची आणि बॉनेटमधली, दोन्ही फ्यूजपेट्या तपासा.

आकडा देणारा फ्यूज सापडला की तक्त्यात त्याच्यावर काय-काय आहे ते वाचा आणि त्या वस्तू एकेक करून तोडा. ठरलेले गुन्हेगार हे:

- डिक्की, डॅशबोर्डचा कप्पा, आरशाजवळचे दिवे. फोनचा कॅमेरा चालू ठेवून आत बंद करा. दिवा विझतो की नाही ते चित्रफीत सांगेल.
- नंतर बसवलेला स्टिरिओ, ज्यात चावीवरची आणि कायम करंटची वायर एकत्र जोडलेली असते.
- डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, निदान-सॉकेटमध्ये (गाडीचे दोष वाचायच्या ओबीडी जोडात) कायम खोचलेलं यंत्र, सतत चालू असलेल्या सॉकेटमधला चार्जर.
- दाराच्या कुलपातला खराब स्विच. दार बंद असूनही गाडीला ते उघडं वाटतं आणि ती झोपतच नाही.
- अडकलेला रिले (करंटने चालू-बंद होणारा स्विच). बंद गाडीत, रिलेच्या रांगेत एखादाच कोमट लागला तर त्याच जातीच्या दुसऱ्या रिलेशी अदलाबदल करून पाहा.

नंतर बसवलेल्या वस्तू सगळ्यात आधी काढा. कारखान्यातल्या वायरिंगपेक्षा त्यांचीच चूक असण्याची शक्यता कितीतरी जास्त.

## टप्पा ७ : सगळे फ्यूज शून्य, तरीही गळती

मग करंट फ्यूजपेटीत न जाणाऱ्या जाड वायरीतून जातोय. पहिला संशय अल्टरनेटरच्या डायोडवर. मायनस क्लँप काढा, अल्टरनेटरची जाड वायर सोडून तिचं टोक नीट गुंडाळा, क्लँप परत लावा, गाडी झोपली की गळती पुन्हा मोजा. आकडा पडला तर अल्टरनेटर दुरुस्तीला. दुसरा संशय बॅटरीच्या प्लसवर थेट जोडलेल्या वायरींवर: हॉर्न, जास्तीचे दिवे, अ‍ॅम्प्लिफायर.

कधी दिसणारी, कधी न दिसणारी गळती असेल तर एका मापावर विसंबू नका. मिलिअँपिअर दाखवणारा डीसी क्लँपमीटर मायनस वायरीवर अडकवून कमाल-किमान नोंदीवर रात्रभर ठेवा.

## टप्पा ८ : दोष कशातच नाही, मग वापर पाहा

बॅटरी, अल्टरनेटर, गळती तिन्ही ठीक असतील तर गाडी किती चालते ते बघा. सेल्फ मारण्यात फार चार्ज जात नाही. १५० अँपिअर दोन सेकंद म्हणजे ०.१ अँपिअर-तासाच्याही आत. पण हेडलाइट, ब्लोअर लावून ५-७ मिनिटांच्या फेऱ्या, मध्ये दोन-तीन दिवस गाडी उभी, असा क्रम असेल तर बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. अर्धवट चार्ज राहिलेल्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि क्षमता कायमची घटते. अशा गाडीला महिन्यातून एकदा रात्रभर चार्जर लावा, किंवा सतत जोडता येणारा मेंटेनर (हळू, आपोआप चार्ज करणारा चार्जर) वापरा.

## दुरुस्तीनंतर

ज्या टप्प्यावर दोष सापडला तेच माप पुन्हा घ्या. मग बॅटरी पूर्ण चार्ज करून गाडी नेहमीसारखी लॉक करा आणि सलग तीन सकाळी, दार उघडण्याआधी शक्य असेल तर, व्होल्टेज लिहा. १२.६, १२.६, १२.५ असं आलं तर काम झालं. रोज ०.१ किंवा अधिक घसरत असेल तर दुसरीही गळती आहे. एका गाडीत दोन दोष असणं अजिबात दुर्मिळ नाही, पुन्हा टप्पा ५ वर जा.

नवी बॅटरी घ्यावीच लागली तर अँपिअर-तास, सीसीए (थंडीत सेल्फ फिरवण्याची ताकद) आणि खुंट्यांची बाजू जुन्याशी जुळवा. स्टार्ट-स्टॉप गाडीत एजीएम किंवा ईएफबी (साध्या बॅटरीची सुधारलेली जात) असेल तर तीच जात लावा, आणि बॅटरी-सेन्सर असलेल्या काही गाड्यांत नवी बॅटरी संगणकात नोंदवून घ्यावी लागते. दुकानात ठेवून-ठेवून उतरलेली बॅटरी मिळू नये म्हणून बसवण्याआधी तिचं व्होल्टेज तिथेच मापा, १२.४ च्या खाली असेल तर दुसरी मागा.